पियानो नव्याने शिकताय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

मी बेळगावात टिळकवाडीत पियानो शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, घरातले असतात. कुणाचे आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसायचे, कुणी शाळेत असताना गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक-प्रवेशिका या परीक्षा दिलेल्या असतात, कुणी एकादशीच्या भजनात कान तयार केलेला असतो. आधी फोनवर, मग पहिल्या दिवशी दारात चपला काढता काढता तेच प्रश्न येतात. उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं फार दिवस मनात होतं.

मला पेटी येते. मग पियानो पटकन येईल की?

उजवा हात पटकन येईल. डावा येणार नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं.

पेटीवर डावा हात भात्यावर असतो. पंधरा-वीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाच्याही डाव्या हाताने एक सूर स्वतःहून वाजवलेला नसतो. त्यामुळे तुमचा उजवा हात कॉलेजात आणि डावा बालवाडीत, अशी स्थिती होते. माणूस वैतागतो तो इथेच. उजव्या हाताने अभंग सुरेख वाजतो, आणि डाव्याने नुसता एक सूर धरायला सांगितला की दोन्ही हात थांबतात. यात तुमचं काही चुकत नाही. डाव्या हाताला त्याचं शिक्षण मिळालेलं नाही, एवढंच.

दुसरा फरक सुराचा आहे, आणि तो जास्त खोल आहे. पेटीचा सूर हवेवर जगतो. भाता चालू आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर तो तसाच राहतो. आवाज लहानमोठा करायचा तर भात्याचा दाब बदलायचा, बोटाने त्यात फारसं काही होत नाही. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्याने (फेल्टने) मढवलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. बोट तिथे कितीही दाबून ठेवलं तरी तो वाढत नाही. म्हणजे जे काही सांगायचं ते बोट खाली जाताना सांगून टाकायचं. बोट वेगाने गेलं की आवाज मोठा, हलकं गेलं की लहान. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे वाद्य बनवलं ते याचसाठी. ‘पियानो’ हे नावच इटालियनमधल्या ‘हळू आणि मोठा’ या जोडशब्दातलं अर्धं उरलेलं आहे.

मी स्वतः पेटीवरून पियानोकडे एकतिसाव्या वर्षी आले. पहिले दोन-तीन महिने मी पट्टी दाबून सूर भरून येण्याची वाट बघत बसायचे, आणि तो विरून जायचा. भात्यातून जे करत होते ते आता पाच बोटांतून करायचंय हे उमगल्यावर मग हात सुटला.

जे सोबत येतं ते मात्र फार मोलाचं आहे. सूर ऐकून ओळखणारा कान, लय, सम (तालाची पहिली मात्रा) चुकली की लगेच कळणं, सा ची जागा बदलून तेच गाणं वाजवायची सवय. हे पियानो शिकणाऱ्या कित्येकांना चार-पाच वर्षांनीही येत नाही. कागवाडला १९१७ साली जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात दोन-तीन पिढ्यांना पेटी शिकवली. त्या कानाची माणसं आपल्या गल्लीगल्लीत आहेत. पेटी येते हे सांगताना कुणी संकोचू नये.

सी म्हणजे सा का?

नाही. हा घोळ पहिल्याच दिवशी मिटवा.

सा हे नातं आहे, सी ही जागा आहे. सा कुठेही धरता येतो. सी जिथे आहे तिथेच राहतो. आपल्याकडे गाणारा माणूस ‘माझी काळी दोन’ म्हणतो तेव्हा तो आपला सा कुठल्या जागेवर आहे ते सांगत असतो. जागांची ही नावं तुम्हाला आधीच येतात, फक्त इंग्रजी अक्षरं त्यांना चिकटवायची आहेत. पांढरी एक म्हणजे सी. पुढे ओळीने पांढरी दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, तिलाच डी फ्लॅटही म्हणतात (शार्प म्हणजे अर्धा सूर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली). काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प.

पेटीवाल्यांना हे एका संध्याकाळी पाठ होतं. पूर्ण पियानोवर ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, म्हणून पहिल्यांदा बसलं की माणूस हरवतो. काळ्या पट्ट्यांकडे बघा. दोनाचा गट, तिनाचा गट, परत दोनाचा. दोनाच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी. डावीकडून चौथा सी तो मधला सी. पाश्चात्त्य पुस्तकं तिथूनच सुरू होतात.

अगदी पहिल्या दिवशी काय वाजवू?

पांढऱ्या पट्ट्या सोडा, काळ्या वाजवा. पुस्तकं उलट सांगतील. मी गेली कित्येक वर्षं आपल्याकडच्या माणसांना इथूनच सुरुवात करून देते, आणि घरी गेल्यावर ती माणसं पुन्हा वाद्यापाशी बसतात.

सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच आहेत. काळी तीनला सा माना आणि नुसत्या काळ्यांवरून वर जा: सा रे ग प ध. भूप झाला. आता त्याच पाच पट्ट्या ठेवा, पण काळी चारला सा माना: सा रे म प आणि कोमल नी, मधमाद सारंगाचे सूर. काळी पाचला सा धरला तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, मालकंस. काळी एकला सा केला तर सा रे म प ध, दुर्गा. काळी दोनवरून सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी. पाच पट्ट्या, पाच राग. जुन्या ग्रंथांत याला मूर्च्छना म्हणतात. इथे ती डोळ्यांना दिसते आणि बोटांना कळते.

आता खरं काम डाव्या हाताचं. उजवा हात भूप फिरत असताना डाव्याने खालच्या सप्तकात काळी तीन आणि काळी एक, म्हणजे सा आणि प, एकदम दाबायच्या. विझत आल्या की परत. विझत आल्या की परत. तुमचा डावा हात तुमचा तानपुरा झाला. दुर्गा, धानी, सारंग यांतही सा-प काळ्यांवरच येतात. मालकंसात पंचम, म्हणजे प, नाही, तिथे सा-म धरा, तेही काळ्यांवरच आहेत. एकही पट्टी चुकीची लागू शकत नाही, म्हणून भीती जाते. आणि डावा हात ऐकायला शिकतो: सूर किती वेळ टिकतो, केव्हा परत हवा.

राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, त्याचं चलन (सुरांची चाल) असतं, न्यास (थांबायच्या जागा) असतात, हे पेटीवाल्यांना मी सांगायला नको. हा बोटांचा आणि कानाचा ओळखीचा धडा आहे. एक आठवडा एवढंच करा.

वय झालंय माझं. आता जमेल का?

जमेल. निवृत्तीनंतर आलेले लोक माझ्याकडे नेमाने शिकतात. बोटांचा वेग लहान मुलांइतका होत नाही. पण ऐकणं, समजून घेणं आणि रोज बसणं यांत मोठी माणसं पुढे असतात. दोन हात एकत्र व्हायला मोठ्यांना जास्त दिवस लागतात, तेवढी सबुरी ठेवा.

मुलांना सहा-सात वर्षांचं झाल्यावर आणा. त्याआधी घरात गाणं ऐकू द्या, टाळ वाजवू द्या, ठेका धरू द्या.

शिकायचंय, खरं घरात पियानो नाही. कीबोर्ड चालेल का?

सुरुवातीला चालेल. कसला कीबोर्ड, ते मात्र बघून घ्या.

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला खेळण्यातला, लहान पट्ट्यांचा. कितीही हळू किंवा जोरात दाबा, आवाज तेवढाच. तो घेऊ नका. पियानोची सगळी विद्या बोटाच्या दाबात आहे आणि ती या वाद्यावर शिकताच येत नाही. दुसरा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, पाच सप्तकांचा. पेटीवर तीन-साडेतीन सप्तकं असतात, त्या मानाने ही ऐसपैस जागा आहे. यात ‘टच रिस्पॉन्स’ किंवा ‘टच सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं असेल तरच घ्या. पहिलं वर्ष यावर निघतं. पट्ट्या हलक्या असतात, त्यामुळे बोटांत बळ येत नाही. पण सुरांची ओळख, वाचन, दोन हातांची जुळणी हे सगळं होतं.

तिसरा डिजिटल पियानो. ८८ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला खऱ्या पियानोसारखं वजन. खोक्यावर ‘वेटेड’ किंवा ‘हॅमर ॲक्शन’ असं लिहिलेलं शोधा. परवडत असेल तर सरळ हाच घ्या, मधली पायरी गाळा. ट्यूनिंग लागत नाही, ओल्या हवेचा त्रास कमी, आणि हेडफोन लावला की रात्री दहानंतरही वाजवता येतं, भिंतीपलीकडच्या काकूंची झोप मोडत नाही. ताल, दोनशे वाद्यांचे आवाज, रंगीत दिवे यांच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

दोन वस्तू सोबत घ्याच: सूर लांबवणारा, पायाने दाबायचा सस्टेन पेडल आणि मजबूत स्टँड. कीबोर्ड पलंगावर किंवा मांडीवर ठेवून वाजवलं की मनगट वाकडं बसतं, आणि ते पुढे सरळ करायला वर्ष जातं.

ओळखीत जुना लाकडी पियानो निघालाय. घेऊ का?

या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर देत नाही. पियानो बघितल्याशिवाय कुणीच देऊ नये.

बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतून आणि चोर्ला घाटापलीकडे गोव्यातल्या घरांतून असे पियानो अधूनमधून निघतात. लाकूड सुंदर असतं, मेणबत्त्यांचे पितळी स्टँड असतात, मन भुलतं. मीही भुलले होते. पहिला पियानो मी वरची झळाळी बघून घेतला. तारा ताणून धरणाऱ्या आतल्या खुंट्या सैल होत्या. ट्यूनरने सूर लावून दिला की दहा-बारा दिवसांत तो उतरायचा. दोनदा पैसे घातल्यावर कळलं की खुंट्या ज्या फळीत बसतात ती फळीच गेली आहे.

म्हणून आधी आत बघा. वरचं झाकण उघडून टॉर्च मारा. तारांवर गंज आहे का, हातोड्यांच्या नमद्यात तारांच्या खोल खाचा पडल्यात का, मागच्या मोठ्या फळीला, म्हणजे साउंडबोर्डला, भेगा आहेत का. खालची फळी काढून वाळवीची माती किंवा लाकडाचा भुसा दिसतो का बघा. आपल्याकडे वाळवी हेच मोठं संकट. मग डावीकडून उजवीकडे सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून दाबा. खाली जाऊन वर न येणाऱ्या किती, मुक्या किती, ते लिहून ठेवा. शेवटी मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने मधल्या सीच्या वरचा ए तपासा. तो ४४० हर्ट्झच्या जवळपास असायला हवा. पियानो सगळाच्या सगळा अर्धा-पाऊण सूर उतरला असेल तर तो एका बैठकीत वर आणता येत नाही. सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, त्यांचा एकूण ताण टनांत मोजावा लागतो. जुन्या तारा तुटतात.

आणि किमतीच्या आधी दोन गोष्टी विचारा: ट्यूनर कोण येणार, आणि हा घरात कसा चढवणार? साधा उभा पियानोही दोनशे किलोच्या पुढे जातो. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांचे जिने त्याला पुरत नाहीत. गोव्याहून आणायचा असेल तर पावसाळ्यात घाटातून आणू नका. घरी आला की दोन-तीन आठवडे तसाच राहू द्या, नव्या हवेत लाकूड स्थिरावू द्या, आणि मग ट्यूनर बोलवा.

आमच्याकडे पाऊस फार. वाद्य टिकेल का?

खानापूरकडच्या लोकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. जून ते सप्टेंबर जांभ्याच्या भिंती ओल धरतात, कपाटातल्या साड्यांना वास येतो, तिथे पियानोचं काय होणार?

लाकडी पियानोचा साउंडबोर्ड दमट हवेत फुगतो आणि सूर चढतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकसतो आणि सूर उतरतात. पट्ट्या अडकतात त्याही पावसाळ्यात. म्हणून वर्षातून दोनदा ट्यूनिंग करावं: एकदा पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर, दिवाळीच्या आसपास, आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर. भर पावसात केलेलं ट्यूनिंग टिकत नाही. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वीतभर जागा सोडा. खिडकीखाली नको, स्वयंपाकघराच्या दाराशी नको. त्यावर फुलदाणी आणि पाण्याचा तांब्या तर नकोच नको.

डिजिटललाही ओल बाधते, पण सावकाश. वाजवून झालं की सुती कापड टाका. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ओल कोंडते.

लाईट गेली की काय?

६१ पट्ट्यांचे बरेच कीबोर्ड सेलवरही चालतात, घेताना विचारा. डिजिटल पियानोला इन्व्हर्टर पुरतो. वीज कमी-जास्त होत असेल तिथे स्टॅबिलायझर लावा, आणि वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा.

बसायचं कसं?

मांडी घालून बसायची सवय असते, म्हणून स्टूलवर बसल्यावर पाय कुठे ठेवायचे इथपासून सुरुवात होते. स्टूलच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवा. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं. मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. बोटं चेंडू धरल्यासारखी गोल, मनगट ना खाली पडलेलं ना वर ताणलेलं. पेटीवर मान उजवीकडे आणि अंग थोडं भात्याकडे झुकतं, ते इथे सोडायचं. दोन्ही खांदे सारखे.

मनगट किंवा दंड दुखायला लागला तर तिथेच थांबा. बोटं थकणं वेगळं, दुखणं वेगळं. दुखत असेल तर बसण्यात काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा स्टूल खाली असतं.

अंगठा कशाला एवढा वापरायचा?

कारण त्याच्याशिवाय पुढे सरकता येत नाही. माझ्याकडे पेटीवरून येणारे बरेच जण मधल्या तीन बोटांवर सगळं निभावतात. पियानोत दोन्ही हातांचा अंगठा एक नंबर आणि करंगळी पाच. सी पासून सी पर्यंत उजव्या हाताने वर जाताना बोटं अशी: एक दोन तीन, मग अंगठा तळव्याखालून सरकवून परत एक, दोन तीन चार पाच. डाव्याने वर जाताना पाच चार तीन दोन एक, मग तिसरं बोट अंगठ्यावरून पलीकडे, दोन, एक. दिसायला छोटं, पण या अंगठ्याच्या सरकण्यावर पुढची दहा वर्षं उभी असतात. पुस्तकात सुरांवर लिहिलेले बोटांचे आकडे पाळा. आज एक बोट, उद्या दुसरं असं केलं तर हात कधीच पाठ करत नाही.

ते पाच रेघांचं नोटेशन शिकलंच पाहिजे का? सा रे ग म लिहून चालणार नाही?

एका हाताची चाल सा रे ग म लिहून वाजवता येते, आणि पहिल्या महिन्यात मीही तसं लिहून देते. पुढे ते तोकडं पडतं. सा रे ग म लिहायच्या भातखंडे पद्धतीत एका वेळी एक सूर लिहायचा असतो, कारण गाणारा एका वेळी एकच सूर गातो. पियानोत दोन हात, चार-पाच सूर एकदम, प्रत्येकाची लांबी वेगळी. वरच्या पाच रेघा साधारण उजव्या हाताच्या, खालच्या पाच डाव्याच्या, आणि दोन्हींच्या मधोमध एका छोट्या रेघेवर मधला सी. सूर कागदावर वर चढला की पट्ट्यांवर उजवीकडे जायचं.

वाचनाला रोज पाच मिनिटं, नवीन चार ओळी, हळू. चुकलं तरी मागे जायचं नाही. आपल्या मुलांना कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तीन लिप्या शाळेत येतात. त्यांना ही चौथी जड जात नाही. मोठ्यांना जड जाते, कारण कान चांगला असतो आणि दोनदा ऐकलं की पाठ होतं, मग डोळे कागदावर राहत नाहीत. तुम्ही त्यातले असाल तर वाचनासाठी कधीच न ऐकलेले धडे घ्या.

रोज किती वेळ बसावं?

पहिल्या तीन महिन्यांत वीस मिनिटं, पण रोज. रविवारी दोन तास बसून ते भरून निघत नाही. त्या वीसातली दहा डाव्या हाताला द्या. एकट्याला. मग दोन्ही एकत्र, आणि तेही इतकं हळू की चूक होणारच नाही. वेग आपोआप येतो. वेगात शिकलेली चूक मात्र काढता काढता नाकी नऊ येतात.

यूट्यूबवर बघून शिकता येईल का?

चाली शिकता येतील. वरून पट्ट्या पडताना दाखवणारे व्हिडिओ बघून मुलं एखादं गाणं आठवड्यात बसवतात, आणि त्यांचा आनंद खरा असतो. पण मनगट ताठ आहे, खांदा चढलाय, सगळे सूर एकाच जोराने पडतायत हे मोबाइल सांगत नाही. गावात शिकवणारं कुणी नसेल तर महिन्यातून एकदा तरी शहरात येऊन कुणाला तरी हात दाखवा. निपाणी, चिकोडीकडून असे येणारे आहेत, आणि त्यांची प्रगती चांगली आहे.

शिक्षक कुठे शोधू? आम्हाला इंग्रजी फार येत नाही.

आधी कॅम्पात विचारा. चर्चमध्ये ऑर्गन-कीबोर्ड वाजवणारे, कॉन्व्हेंट शाळांतले संगीताचे शिक्षक, यांतले काही जण घरी शिकवतात. गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीत शिकवायची फार जुनी परंपरा आहे आणि तिकडून शिकून आलेली माणसं इथेही आहेत. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या माजी विद्यार्थ्यांची चौकशी करा.

भाषेचं ओझं घेऊ नका. माझे एक शिक्षक कोकणी आणि इंग्रजीत शिकवायचे, मी मराठीत विचारायचे, शेजारची मुलगी कन्नडात. अडलं कधीच नाही. शिक्षक निवडताना एकच बघा: ते तुमच्या शेजारी बसून तुमचा हात बघतात, की लांबून फक्त ‘परत वाजव’ म्हणतात.

परीक्षा द्यावी का?

मुलांना एक टप्पा डोळ्यासमोर असला की बरं पडतं. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा आपल्याकडचे विद्यार्थी देतात. दोन्हींत एक ते आठ ग्रेड, आणि त्याआधी एक ‘इनिशियल’. फरक लक्षात ठेवण्याजोगा हा, की एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडच्या प्रात्यक्षिकाला बसण्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरी (संगीतशास्त्राची परीक्षा) किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा लागते; ट्रिनिटीत तशी अट नाही.

वर्षभर परीक्षेचे तेवढेच तुकडे घासणं मला पटत नाही. मूल त्या तुकड्यांत अडकतं आणि घरी पाहुणे आले तर वाजवायला त्याच्याकडे एक भावगीत नसतं.

पियानोवर आपलं गाणं वाजेल का?

अभंग, भावगीत, भक्तिगीत सुरेख वाजतं. रागसंगीतात मर्यादा आहेत, आणि त्या पेटीवाल्यांना नव्या नाहीत. दोन पट्ट्यांच्या मधला सूर नाही, त्यामुळे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आंदोलन (सूर हलका झुलवणं) नाही. ठरलेल्या बारा जागांचा हाच आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, आणि ती तीस वर्षं टिकली. दरबारी रागातला झुलता गंधार (ग) पियानोवर शोधू नका.

जे मिळतं तेही कमी नाही. डाव्या हातात खर्जाचा सा-प घुमतोय आणि वर दुर्गा चाललाय, पेडलने सूर एकमेकांत मिसळतायत, हा आवाज दुसऱ्या कुठल्या वाद्यात नाही. पेडल मात्र जपून. डाव्या हाताचे सूर बदलले की पाय उचलून परत ठेवायचा, नाहीतर सगळ्याचा चिखल होतो.

पोरगं दोन महिन्यांनी कंटाळलंय. बंद करू का?

आधी तो काय वाजवतोय ते ऐका. बऱ्याचदा मूल वाद्याला कंटाळलेलं नसतं, त्या एका धड्याला कंटाळलेलं असतं. महिनाभर त्याला आवडणारं काही द्या. गणपतीतली आरती दोन हातांनी बसवून दिली तर घरातले सगळे भोवती उभे राहून म्हणतात, आणि मूल पुढच्या दिवशी आपणहून बसतं. तरीही नको म्हणालं तर थांबवा.

पियानो आला. आता पेटी विकू का?

विकू नका. गाणाऱ्याच्या साथीला पेटीच हवी, देवळातल्या भजनाला डिजिटल पियानो नेणार कसा? आणि घरात दोन माणसं वाजवणारी असतील तर दोन्ही वाद्यं एकत्र वाजतात: आजोबा पेटीवर चाल धरतात, नात पियानोवर डाव्या हाताने सा-प देते. त्याआधी एक करा. दोन्हींवर काळी एक वाजवून ऐका. जुनी पेटी ४४० च्या मापात असेलच असं नाही, थोडी चढी किंवा उतरलेली निघते. पेटीला हात लावू नका; डिजिटल पियानोच्या सेटिंगमध्ये ‘ट्यूनिंग’ असतं, तिथून एकेक आकडा सरकवत पियानो पेटीला जुळवून घ्या.